ऑकमधली संख्या: जी दिसते ती आणि जी असते ती

एखाद्या दूध संकलन केंद्राच्या महिनाभराच्या नोंदींची साधी मजकूर-फाइल आपल्यासमोर आहे असे समजू. प्रत्येक ओळीत सभासदाचा क्रमांक, तारीख, लिटर, फॅट आणि रक्कम असे पाच रकाने आहेत. ऑक या प्रोग्रामिंग भाषेत पाचव्या रकान्याची बेरीज करायला एक ओळ पुरते: प्रत्येक ओळीवर ‘बेरीज’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत साठवणाऱ्या खणात, पाचवा रकाना मिळवायचा आणि फाइल संपली की ती बेरीज छापायची. खरी बेरीज १,२३,४५६ रुपये ७८ पैसे आहे. पडद्यावर मात्र १२३४५७ एवढेच उमटते. पुढच्या महिन्यात दूध वाढले, बेरीज १२,३४,५६७ रुपये ८९ पैसे झाली, तर त्याच आज्ञेचे उत्तर १.२३४५७ई+०६ असे येते. दोन्ही वेळा चूक झाल्याचा संदेश येत नाही, कारण ऑकच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही.

दुसरे उत्तर निदान विचित्र दिसते आणि माणूस थबकतो. पहिले उत्तर अधिक धोक्याचे आहे, कारण ते अगदी शहाण्यासारखे दिसते. ७८ पैसे कुठे गेले, हे समजून घ्यायचे असेल तर ऑक संख्येला तीन वेगवेगळ्या रूपांत कशी वागवते हे पाहावे लागते: फाइलमधून मजकूर म्हणून आलेली संख्या, हिशेबासाठी आत साठवलेली संख्या आणि छापताना पुन्हा मजकूर झालेली संख्या. या भाषेतली गणिती फंक्शने अर्ध्या तासात शिकून होतात. वेळ जातो तो एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना काय सांडते हे ओळखण्यात.

ऑक १९७७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली. आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. ओळीओळीने फाइल वाचायची, प्रत्येक ओळीचे रकाने पाडायचे, हव्या त्या ओळींवर हवे ते काम करायचे, एवढाच तिचा गाभा असून लिनक्स आणि मॅक या दोन्हींत ती आजही आधीपासूनच बसवलेली असते. मात्र ‘ऑक’ म्हणून जे चालते ते सगळीकडे एकच नसते. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची गॉक, वेगासाठी ओळखली जाणारी मॉक आणि कर्निहॅन यांनी अनेक वर्षे सांभाळलेली मूळ आवृत्ती अशी तिची भावंडे आहेत, आणि संख्यांच्या बाबतीत त्यांचे स्वभाव थोडे वेगळे आहेत. या लेखात आज्ञा आणि अंक देवनागरीत लिहिले आहेत. संगणकाला त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच द्याव्या लागतात. या फरकातही एक सापळा आहे, त्याकडे पुढे येऊ.

आत काय साठवलेले असते

बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत पूर्णांक वेगळे आणि अपूर्णांक वेगळे असतात. ऑकमध्ये असा भेद नाही. ५ असो, ५.२५ असो किंवा ऋण ५ कोटी असो, प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या ‘डबल प्रिसिजन फ्लोटिंग पॉइंट’ या एकाच साच्यात ठेवली जाते. या साच्याचे आज सर्वत्र चालणारे नियम १९८५च्या आयट्रिपलई ७५४ या मानकाने घालून दिले. त्यामागच्या कामासाठी विल्यम काहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एकच साचा असल्यामुळे ७ भागिले २ याचे उत्तर ऑकमध्ये नेहमी ३.५ येते, सी भाषेसारखे ३ येत नाही, आणि नव्याने शिकणाऱ्याची मोठी डोकेदुखी टळते.

पण या साच्याची किंमत मोजावी लागते. दशमान पद्धतीत एकाला तिनाने भागले तर ०.३३३… हे शेपूट कधी संपत नाही, आपल्याला ते कुठेतरी तोडावेच लागते. संगणक दोनच्या पटीत, म्हणजे बायनरी पद्धतीने मोजतो, आणि त्या पद्धतीत आपला साधा ०.१ हाच न संपणारा अपूर्णांक ठरतो. त्यामुळे ०.१ असे लिहिले तरी आत साठते ती त्याच्या अगदी जवळची दुसरी संख्या. ०.१ अधिक ०.२ याचे आतले उत्तर ०.३०००००००००००००००४ असते, आणि ते ०.३ शी समान आहे का असे विचारले तर ऑक ‘नाही’ म्हणते. ०.१ दहा वेळा मिळवला तर आतली बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते, ती छापली तर १ दिसते, पण तिची १ शी तुलना केली तर ती फसते. पडद्यावर १ दिसत असताना ‘एक झाला का’ या प्रश्नाला नकार येणे, या एका विसंगतीपायी अनेकांनी आपला निर्दोष प्रोग्राम तासन्‌तास तपासलेला असतो.

याच कारणाने अपूर्णांकांची थेट समानता तपासू नये. दोन संख्यांतला फरक ठरावीक छोट्या मर्यादेच्या आत आहे का, एवढेच विचारावे. ऑकमध्ये चिन्ह काढून टाकणारे फंक्शन तयार मिळत नाही, तेव्हा फरक ऋण आला तर त्याचे चिन्ह उलटवणारी अर्धी ओळ आपणच लिहायची.

पूर्णांकांच्या बाबतीत हा साचा बराच प्रामाणिक आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. दोनचा ५३वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक साठतो. त्यापुढे जागा अपुरी पडते आणि काही पूर्णांक आपल्या शेजाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतात. वरच्या संख्येत एक मिळवला तरी छापताना तीच संख्या दिसते. बारा अंकी आधार क्रमांकाला किंवा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकाला यामुळे धोका नाही, पण सतरा-अठरा अंकी क्रमांकांना आहे. १२३४५६७८९०१२३४५६७ आणि १२३४५६७८९०१२३४५६८ हे दोन वेगळे क्रमांक दोन रकान्यांत असतील आणि ते समान आहेत का असे विचारले, तर ऑक त्यांना संख्या समजून तुलना करते आणि ‘समान’ असे सांगते. उपाय सोपा आहे: तुलनेत एका बाजूला रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, जोडायची, म्हणजे तुलना मजकुराची होते. माझे मत विचारले तर ज्या क्रमांकाची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही, त्याला संख्या मानूच नये. तो अंकांनी लिहिलेले नाव आहे.

छापताना काय सांडते

आता ते हरवलेले ७८ पैसे. ऑकमध्ये ओएफएमटी नावाचे एक अंगभूत व्हेरिएबल असते आणि त्यात सुरुवातीपासून ‘टक्का-टिंब-सहा-जी’ हा छपाईचा नमुना भरलेला असतो. अपूर्णांक छापताना एकूण सहाच अर्थपूर्ण अंक दाखवावेत, असा त्याचा अर्थ. सहा अंक टिंबानंतरचे नव्हेत, पहिल्या शून्येतर अंकापासून मोजलेले. इथेच गफलत होते. त्यामुळे १२३४.५६७ हे १२३४.५७ असे दिसते, १२३४५.६७ हे १२३४५.७ असे दिसते, आणि १२३४५६.७८ पर्यंत पोहोचलो की सहाही अंक रुपयांतच संपतात व पैशांना जागा उरत नाही. रुपयांचेच अंक सहापेक्षा जास्त झाले की ‘जी’ नमुना घातांकी लेखनावर जातो, १.२३४५७ई+०६ म्हणजे १.२३४५७ गुणिले दहाचा सहावा घात. पूर्णांक मात्र या नियमातून सुटतात, ते पूर्ण छापले जातात. म्हणून रकमा सगळ्या पूर्ण रुपयांच्या असतील तोवर प्रोग्राम वर्षभर बिनचूक चालतो आणि एखाद्या सभासदाच्या रकमेत पन्नास पैसे आले त्याच दिवशी बिघडल्यासारखा वाटतो.

आतली संख्या यात मुळीच बिघडलेली नसते, ही दिलासा देणारी गोष्ट. बेरीज पूर्ण अचूकतेने साठलेली आहे. फक्त दाखवताना काटछाट झाली आहे. पैशांच्या हिशेबात साध्या प्रिंट या आज्ञेऐवजी नमुन्याप्रमाणे छापणारी प्रिंटएफ वापरावी आणि ‘टक्का-टिंब-दोन-एफ’ असा नमुना द्यावा, म्हणजे टिंबानंतर नेमके दोन अंक छापले जातात. आत नेमके काय आहे हे पाहायचे असेल तेव्हा ‘टक्का-टिंब-सतरा-जी’ हा नमुना उपयोगी पडतो. सतरा अर्थपूर्ण अंकांत डबलचे खरे रूप उघडे पडते.

ओएफएमटीला एक जुळा भाऊ आहे, कन्व्हएफएमटी. हा छपाईच्या वेळी नव्हे, तर प्रोग्रामच्या आत संख्येची स्ट्रिंग होते तेव्हा कामाला येतो, आणि त्याचाही नमुना तोच सहा अंकांचा. ऑकमधल्या ॲरेंच्या (अनेक किमती खणाखणांत ठेवणाऱ्या याद्यांच्या) किल्ल्या, म्हणजे खणांची नावे, नेहमी स्ट्रिंग असतात, हे लक्षात घेतले की याचा परिणाम कळतो. हिशेब करून मिळालेल्या १२३४५.६७ आणि १२३४५.७१ या दोन संख्या ॲरेच्या किल्ल्या म्हणून वापरल्या तर दोन्हींची किल्ली १२३४५.७ अशीच बनते आणि दोन वेगळ्या नोंदी एकाच खणात पडतात. रकान्यातून थेट उचललेली किल्ली मात्र फाइलमध्ये जशी लिहिली असेल तशीच राहते, कारण तिचे मूळ रूप मजकुराचेच असते. छपाईतली काटछाट निदान डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही. म्हणून मला हा सापळा जास्त वाईट वाटतो.

मजकुराची संख्या होताना

ऑकमध्ये व्हेरिएबलचा प्रकार जाहीर करावा लागत नाही. एखादी गोष्ट संख्या आहे की मजकूर, हे ती कशी वापरली यावरून ठरते: तिच्यापुढे अधिकचे चिन्ह आले तर संख्या, तिला दुसरा मजकूर जोडला तर स्ट्रिंग. ज्या व्हेरिएबलमध्ये अजून काहीच भरलेले नाही ते एकाच वेळी शून्यही असते आणि रिकामी स्ट्रिंगही. म्हणूनच बेरीज सुरू करण्यापूर्वी तिला शून्य करण्याची गरज पडत नाही. ही सोय मोठी आहे, पण याच उदारपणामुळे चुकीचा मजकूरही मुकाट्याने संख्या होऊन जातो.

मजकुराची संख्या करताना ऑक डावीकडून वाचत जाते आणि संख्येत न बसणारे पहिले चिन्ह आले की थांबते. तोवर जे हाती लागले ती संख्या. काहीच लागले नाही तर शून्य. ‘१२ लिटर’ या मजकुराची संख्या १२ होते, हे बऱ्याचदा सोयीचेच असते. पण ‘१,२३,४५६’ या मजकुराची संख्या १ होते, कारण पहिल्याच स्वल्पविरामाशी वाचन थांबते. रुपयाचे चिन्ह आधी लावलेली रक्कम शून्य होते. लाख-कोटींचे स्वल्पविराम आपल्याकडच्या कागदपत्रांत सर्रास असल्यामुळे बेरजेपूर्वी ते काढून टाकणे ही पहिली पायरी मानावी. जीसब या फंक्शनने ते एका ओळीत होते.

मघा सांगितलेला लिपीचा सापळा इथे येतो. ऑकला शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच संख्या म्हणून कळतात. फाइलमध्ये कुणी देवनागरी अंकांत ‘५००’ टाइप केले असेल तर ऑकच्या लेखी तो अक्षरांचा एक पुंजका आहे आणि त्याची संख्या शून्य. मराठी कळफलकावर भरलेल्या याद्यांत काही ओळी देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत असतात; अशा फाइलची बेरीज कमी भरते आणि कुठेही तक्रार उमटत नाही. हिशेबाच्या आधी दहाही अंकांची अदलाबदल करणारा छोटासा टप्पा ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

तुलनेचे नियम थोडे अधिक बारीक आहेत. फाइलमधून आलेला रकाना संख्येसारखा दिसत असेल तर ऑक त्याला ‘संख्येसारखी स्ट्रिंग’ असा खास दर्जा देते, आणि अशा दोन रकान्यांची तुलना संख्या म्हणून होते. म्हणून १० हा ९ पेक्षा मोठा ठरतो, आणि ‘००७’ हा सभासद क्रमांक ७ शी समान ठरतो. हा दर्जा फक्त बाहेरून आलेल्या मजकुराला मिळतो. सबस्ट्र या फंक्शनने एखाद्या तारखेतून महिन्याचे दोन अंक कापून काढले तर हाती येते ती निव्वळ स्ट्रिंग, आणि ‘१०’ या स्ट्रिंगची ९ शी तुलना शब्दकोशाच्या क्रमाने होते. एक हे चिन्ह नवाच्या आधी येत असल्यामुळे १० लहान ठरते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर एवढेच तीन महिने अहवालातून गळत असतील तर बहुधा हेच झालेले असते. कापलेल्या तुकड्यात शून्य मिळवले की तो संख्या होतो आणि तुलना सरळ होते. शून्य मिळवणे आणि रिकामी स्ट्रिंग जोडणे, या दोन युक्त्यांनी कोणत्याही किमतीला हवे ते रूप घ्यायला भाग पाडता येते, आणि शंका आली की त्या बिनदिक्कत वापराव्यात.

एक गमतीचा अपवादही सांगून ठेवतो. घातांकी लेखन ऑकला वाचताही येते, त्यामुळे ‘२ई३’ असा सदनिका क्रमांक दुसऱ्या रकान्यातल्या २००० शी समान ठरतो.

नऊ फंक्शने

प्रमाणित ऑकमध्ये अंकगणिताची फंक्शने नऊच आहेत: सिन, कॉस, एटॅन२, एक्स्प, लॉग, एसक्यूआरटी (वर्गमूळ), इंट, रँड आणि एसरँड. टॅन नाही, पाय नाही, कमाल-किमान नाही, राउंडिंग नाही. सुरुवातीला हे दारिद्र्य वाटते. पण मजकुराच्या फाइलींवर काम करणाऱ्याला रोज लागते ते यातून उभे करता येते.

सर्वात जास्त वापर आणि सर्वात जास्त गैरसमज इंटच्या वाट्याला येतात. इंट जवळचा पूर्णांक देत नाही. टिंबानंतरचे सगळे छाटून टाकते. ३.९ चे ३ होतात आणि ऋण ३.९ चे ऋण ३, म्हणजे छाटणी नेहमी शून्याच्या दिशेने होते. आता ही छाटणी आणि मघाचा बायनरी अपूर्णांक एकत्र आले की काय होते ते पाहावे. १९.९९ रुपयांचे पैसे करण्यासाठी १०० ने गुणले तर आतले उत्तर १९९८.९९९९९९९९९९९९८ येते, प्रिंट केले तर १९९९ दिसते, पण त्याच्यावर इंट चालवले तर १९९८ मिळतात. ४.१ फॅटला १०० ने गुणून इंट केले तर ४१० ऐवजी ४०९ हाती येतात. फॅटवरून दराच्या तक्त्यातली ओळ शोधली जात असेल तर सभासदाला चुकीचा दर लागेल, आणि छापलेले आकडे पाहून चूक कधीच सापडणार नाही.

जवळचा पूर्णांक हवा असेल तर आधी अर्धा मिळवून मग छाटणी करावी: इंट(क्ष + ०.५). धन संख्यांना हे सूत्र पुरते. ऋण संख्यांना नाही: ऋण २.७ मध्ये अर्धा मिळवला की ऋण २.२ होतात आणि छाटल्यावर ऋण २ उरतात, जिथे ऋण ३ हवे होते. वसुली, परतावा, वजावट अशा ऋण नोंदी फाइलमध्ये असतील तर ऋण संख्येतून अर्धा वजा करणारी दुसरी फांदी लिहावीच लागते.

प्रिंटएफकडून राउंडिंग करून घेता येते, पण तिथेही दोन आश्चर्ये वाट पाहत असतात. ‘टक्का-टिंब-शून्य-एफ’ या नमुन्याने २.५ छापले तर सामान्यतः २ येतात आणि ३.५ छापले तर ४; नेमक्या मधोमध पडलेल्या संख्येला जवळच्या सम अंकाकडे नेण्याचा हा नियम आहे. शाळेत शिकवलेला ‘अर्धा असेल तर वर’ हा नियम इथे लागू नाही. हा लहरीपणा वाटेल, पण हजारो नोंदींत प्रत्येक अर्धा वरच नेला तर एकूण बेरीज वरच्या बाजूला सरकत जाते, ते टाळण्यासाठी तो आहे. दुसरे आश्चर्य याच्याशी गल्लत करण्यासारखे, पण वेगळे आहे. २.६७५ दोन स्थळांपर्यंत छापले तर २.६८ ऐवजी २.६७ येतात. इथे सम-विषमाचा संबंध नाही. आत साठलेली संख्या मुळातच २.६७५ पेक्षा किंचित कमी आहे, ती मधोमध नाहीच.

लॉग हे फंक्शन नैसर्गिक, म्हणजे ई या पायाचे लॉगरिदम देते आणि एक्स्प त्याची उलट क्रिया करते. दरसाल ७ टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील, या प्रश्नाला लॉग(२) भागिले लॉग(१.०७) एवढे उत्तर पुरते: १०.२४४८, म्हणजे सव्वादहा वर्षांच्या आसपास. दहाच्या पायाचे लॉगरिदम हवे असेल तर लॉग(१०) ने भागायचे. एखाद्या संख्येत किती अंक आहेत हे मोजण्यासाठी लोक ही युक्ती वापरतात, आणि १००० वर ती फसते. लॉग(१०००) भागिले लॉग(१०) छापले तर ३ दिसतात, पण आत २.९९९९९९९९९९९९९९९६ असतात, आणि इंटने छाटल्यावर २ उरतात. छपाई, साठवण आणि छाटणी या तिन्ही गोष्टी एका ओळीत दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. अंक मोजायचे असतील तर संख्येची स्ट्रिंग करून तिची लांबी मोजणे जास्त सरळ आहे.

शून्याचे किंवा ऋण संख्येचे लॉग मागितले, किंवा ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले, तर प्रोग्राम बंद पडत नाही. सामान्यतः शून्याच्या लॉगला ऋण अनंत आणि ऋण संख्येला ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’ अशी खूण, एवढे देऊन तो पुढे जातो. गॉक ऋण संख्येबाबत एक इशारा तेवढा छापते. ही नॅनची खूण एकदा बेरजेत शिरली की पुढची सगळी बेरीज नॅन होते. शून्याने भागाकार केला तर मात्र गॉक आणि मूळ ऑक जागीच थांबतात, मॉक ‘अनंत’ असे उत्तर देऊन काम चालू ठेवते. सरासरी काढताना हे नेहमी आठवावे, कारण रिकामी फाइल आली की ओळींची संख्या शून्य असते. तिथे आणखी एक ठेच लागते: वाचलेल्या ओळी मोजणाऱ्या एनआर या व्हेरिएबलमध्ये शीर्षकाची ओळ आणि रिकाम्या ओळीही मोजलेल्या असतात, आणि ‘रक्कम’ या शीर्षकाची संख्या शून्य होत असल्यामुळे बेरीज बरोबर येऊनही सरासरी कमी भरते.

त्रिकोणमितीची फंक्शने कोन रेडियनमध्ये मागतात. सिन(३०) चे उत्तर अर्धा येईल या अपेक्षेने पाहिले तर ऋण ०.९८८०३२ असे काहीतरी दिसते, कारण ते तीस अंशांचे नव्हे, तीस रेडियनचे उत्तर आहे. अंशांना पायने गुणून १८० ने भागावे लागते, आणि पाय तयार मिळत नसल्यामुळे तो एटॅन२(०, -१) असा काढतात. दोन किमतींच्या गुणोत्तरावरून कोन काढणाऱ्या एटॅन२ला त्या दोन किमती वेगवेगळ्या द्याव्या लागतात याला कारण आहे. भागाकार करून एकच किंमत दिली तर १ भागिले १ आणि ऋण १ भागिले ऋण १ यांत फरक उरत नाही, आणि समोरासमोरच्या दोन दिशा एकच वाटतात. शिवाय छेद शून्य असेल तर भागाकारच अडतो. मजकुराच्या फाइलीत याचा खरा उपयोग अक्षांश-रेखांशांच्या यादीवरून अंतर काढण्यासाठी होतो. मुंबईचे १९.०८ आणि ७२.८८, पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे अंश घेऊन सिन, कॉस, एसक्यूआरटी आणि एटॅन२ यांनी हिशेब मांडला की हवाई अंतर सुमारे १२० किलोमीटर येते.

बाकी काढणारे टक्क्याचे चिन्ह अपूर्णांकांवरही चालते: ५.५ ला २ ने भागून बाकी १.५. ऋण संख्येची बाकी मात्र ऋणच येते. ऋण ७ ला ३ ने भागले की बाकी ऋण १, गणिताच्या पुस्तकातले २ नव्हे.

रँड शून्य ते एक यांच्यामधली यादृच्छिक संख्या देते. शून्य येऊ शकतो, एक कधीच येत नाही. फासा टाकायचा असेल तर इंट(६ गुणिले रँड) अधिक १. गॉक आणि मूळ ऑक प्रत्येक वेळी त्याच बीजापासून, म्हणजे मालिका सुरू करून देणाऱ्या संख्येपासून, सुरुवात करतात, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा चालवला की फासे त्याच क्रमाने पडतात. सुरुवातीला एसरँड बोलावले की सध्याच्या वेळेवरून नवे बीज घेतले जाते. मॉक हे एरवी आपणहून करते. ही वेळ सेकंदांत मोजली जात असल्यामुळे एकाच सेकंदात दोनदा चालवलेल्या प्रोग्रामचे फासे सारखेच निघतात. सोडतीसाठी किंवा पासवर्ड बनवण्यासाठी हे फंक्शन वापरू नये. नमुना म्हणून शंभरातल्या दहा ओळी निवडायला ते चांगले आहे, आणि तेव्हा बीज मुद्दाम स्वतः ठरवून लिहून ठेवावे, म्हणजे तीच निवड दुसऱ्याला पडताळून पाहता येते.

पैशांचा हिशेब पैशांत

दूध केंद्राच्या फाइलकडे परत येऊ. शंभरेक नोंदींच्या बेरजेत डबलच्या आतली चूक इतकी सूक्ष्म असते की दोन स्थळांपर्यंत छापल्यावर ती दिसत नाही, म्हणून प्रिंटएफ लावले की काम भागते. पण लाखो नोंदी असतील, किंवा दोन वाटांनी काढलेल्या बेरजा तंतोतंत जुळाव्या लागत असतील, तर प्रत्येक रक्कम वाचताक्षणी पूर्ण पैशांत करावी: शंभराने गुणून, अर्धा मिळवून, इंटने छाटून. १९.९९ चे इथे बरोबर १९९९ होतात, कारण १९९८.९९९… मध्ये अर्धा मिळवल्यावर छाटणीला धोका उरत नाही. त्यानंतरची सगळी बेरीज-वजाबाकी पूर्णांकांची असल्यामुळे ती दोनच्या ५३व्या घातापर्यंत अगदी अचूक राहते. ही मर्यादा पैशांत मोजली तर सुमारे ९० लाख कोटी रुपये होते; केंद्र सरकारच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च सुमारे ५० लाख कोटींचा होता, तेव्हा दूध केंद्राने काळजी करण्याचे कारण नाही. शेवटी छापताना तेवढे शंभराने भागावे आणि दोन स्थळांचा नमुना द्यावा.

याहून मोठे पूर्णांक खरोखरच लागत असतील तर गॉकच्या बऱ्याच प्रतींत ‘-एम’ हा पर्याय असतो. तो दिला की पूर्णांकांना लांबीची मर्यादा राहत नाही आणि अपूर्णांकांची अचूकता हवी तेवढी वाढवता येते, मात्र वेग कमी होतो. तरीही ०.१ बायनरीतच साठत असल्यामुळे अचूकता कितीही वाढवली तरी त्याचे शेपूट संपत नाही, फक्त ते आणखी पुढे तुटते. पैसे पूर्णांकात ठेवण्याची जुनी पद्धत तिथेही तशीच लागू पडते.